गावच्या शाळेचा बॉण्ड आणि अंगणातली पाटी (पूर्व वॉशिंग्टन)

मणेराजुरीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आम्ही वॉशिंग्टन राज्यात राहतो म्हटलं की लोकांना सिएटलचा पाऊस आठवतो. आमच्याकडे तो नाही. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलं की सगळा माळ. वर्षाला सात-आठ इंच पाऊस, आणि जे काय हिरवं दिसतं ते कालव्याच्या पाण्यावर. सफरचंद, हॉप्स, वाइनची द्राक्षं. म्हैसाळचं पाणी आल्यावर जतचा माळ कसा दिसतो, तसंच. मी एका द्राक्षमळ्याचं ठिबक सांभाळतो, म्हणजे तासगाव सोडून तेरा हजार किलोमीटर येऊन तेच काम.

तर प्रश्न असा. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (इथल्या शाळा चालवणारी स्थानिक संस्था) साडेपाचशेच्या आसपास मुलं, दोन इमारती. प्राथमिकची इमारत १९५०च्या दशकातली. ती दुरुस्त करायला आणि चार वर्ग नव्यानं बांधायला डिस्ट्रिक्टनं २ कोटी ७० लाख डॉलरचा बॉण्ड, म्हणजे घरपट्टीतून फेडायचं कर्ज, मागितलाय. फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी मतदान. घरपट्टीत दर हजारी १ डॉलर ७० सेंट. आमच्या घराची नोंद ३ लाख १० हजारांची आहे, म्हणजे वर्षाला ५२७ डॉलर, वीस वर्षं. पास व्हायला ६० टक्के लागतात. दोन वर्षांपूर्वी हाच बॉण्ड ५७ टक्क्यांवर पडला. शंभरातले ५७ हो म्हणाले आणि हरले, हे माझ्या आईला फोनवर समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. ती म्हणते, "मग सरपंच कोण झाला?"

मला मत नाही. ग्रीनकार्डावर आहे, टॅक्स भरतो, पोरं शाळेत आहेत, पण मत नाही. बायको मागच्या ऑक्टोबरात नागरिक झाली. हे तिचं पहिलं मतदान आणि ती 'हो' म्हणणार आहे, त्यात प्रश्न नाही. तिनं बॉण्डचा प्रचार करणाऱ्या समितीकडून एक 'हो'ची पाटी आणलीय, अंगणात रोवायची. ती गॅरेजमध्ये उभी आहे. कारण आमचे शेजारी.

शेजारचे आजोबा ७४ वर्षांचे, ८० एकर सफरचंद. आमचं आणि त्यांचं पाण्याचं दार एकच, पाळ्या ठरलेल्या. आम्ही नवीन होतो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात माझ्या पाइपा फुटल्या, तर रात्री अकराला बॅटरी घेऊन हा माणूस आला होता. त्यांच्या कुंपणावर 'नको'ची पाटी आहे. आमची पाटी रोवली तर ती बरोबर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणार.

लावू का नको? आणि हा खर्च खरंच रास्त आहे का, हे आकड्यांतलं कुणी सांगेल तर तेही हवंय. मला ठिबकचा दाब कळतो, बॉण्ड कळत नाही.

---

सुमन_रेंटन

धाग्यात स्वागत. पाटीचं शेवटी बोलते, आधी बॉण्ड.

आमच्या शाळेतले लोक म्हणतात, बॉण्ड बांधणीला आणि लेव्ही शिकवणीला. लेव्ही म्हणजे पगार, बस, खेळ, नर्स असा चालू खर्च. बॉण्ड म्हणजे इमारतीसाठी काढलेलं कर्ज, जे घरपट्टीतून फेडायचं. दोन्हीला पूर्वी ६० टक्के लागायचे. २००७ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन लेव्हीला साधं बहुमत पुरेसं झालं, बॉण्डला मात्र ६० तसेच राहिले. ते बदलायचं तर पुन्हा घटनादुरुस्ती, म्हणजे विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि मग लोकांचं मत. बिलं येतात, पुढे सरकत नाहीत. शिवाय बॉण्डला अजून एक अट आहे: आदल्या सार्वत्रिक निवडणुकीत जेवढी मतं पडली त्याच्या निदान ४० टक्के मतं पडायला हवीत. आणि ६० टक्क्यांच्या अटीमुळे 'नको'वाल्याचं एक मत 'हो'वाल्याच्या दीड मताएवढं.

आता खरी मेख. तुम्हाला जे १ डॉलर ७० सेंट पडतात ते तुमची शाळा महाग आहे म्हणून नाही, तुमचा डिस्ट्रिक्ट गरीब आहे म्हणून. तुमच्या आकड्यांवरून डिस्ट्रिक्टमधली एकूण मालमत्ता सव्वा अब्जाच्या आतबाहेर असावी. आता सिएटलच्या पूर्वेचा एखादा डिस्ट्रिक्ट धरा, जिथं ५० अब्जांची मालमत्ता आहे. असे आहेत. तेवढंच कर्ज तिथं हजारी ४ सेंटांत फिटेल. १२ लाखांच्या घराला वर्षाला ४८ डॉलर. तुमच्या ३ लाखांच्या घराला ५२७. छप्पर तेच, बॉयलर तोच.

आणि ४८ डॉलर असूनही इकडचे लोक कुरकुरतात, ते वेगळं.

---

आकडेमोड_काका

मी ओहायोत राहतो, निवृत्त हिशेबनीस. आमच्याकडे साधं बहुमत आणि टॅक्स 'मिल'मध्ये (डॉलरचा हजारावा भाग) मोजतात, पण गणित सगळीकडे सारखंच.

२ कोटी ७० लाख हे मुद्दल आहे. चार टक्के व्याज धरलं तर वीस वर्षांत जवळपास ४ कोटी जातील. हे पत्रकावर कुणी ठळक छापत नाही.

सगळ्यांचा सूर 'शाळा आहे, द्या' असा लागणार, म्हणून मी उलट बाजूनं विचारतो. बॉयलर एका रात्रीत म्हातारा होत नाही. छप्पर वीस-पंचवीस वर्षांत बदलावं लागतं हे कुणालाही माहीत असतं. मग वीस वर्षांत डिस्ट्रिक्टनं देखभालीला काय बाजूला टाकलं? कामांची यादी आहे का, की नुसतं 'आधुनिकीकरण'? महागाईनं खर्च वाढला तर यादीतलं काय गळणार, हे आधी ठरलंय का? मुलं वाढतायत की घटतायत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुना कुठला बॉण्ड फिटत आलाय का?

हे विचारा, मग पाटीचं बघू. तुमचे आजोबा मला मूर्ख वाटत नाहीत.

---

बॉयझीचा_बाळू

६० टक्क्यांचं काय रडगाणं लावलंय? या इकडे आयडाहोत. आमच्याकडे दोन तृतीयांश. ६६ टक्के पडले तरी नापास! आमच्या कारखान्यातल्या मराठी मंडळींना वाटतं शाळा म्हणजे बॉयझीच्या आसपासच्या नव्याकोऱ्या. जरा तास-दोन तास गाडी हाका आणि बघा. २०२४ मध्ये राज्यानंच शेवटी इमारतींसाठी थेट पैसे द्यायचा कायदा केला, तेव्हा कुठं जरा हलतंय.

पाटी लावा हो. पाटीच आहे, पेट्रोलपंप नाही.

---

मणेराजुरीकर

काका, तुमचे प्रश्न कागदावर लिहून घेतले आणि गुरुवारी संध्याकाळी शाळेनं इमारत दाखवायला बोलावलं होतं तिथं गेलो. पंचवीसेक माणसं होती. कॉफी, बिस्किटं. मुख्याध्यापिकाबाई 'मत द्या' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. नंतर कळलं, त्यांना तसं म्हणायला कायद्यानं बंदी आहे. शाळेचा कागद, शाळेचा ईमेल, शाळेची वेळ प्रचाराला वापरता येत नाही, नुसती माहिती द्यायची. प्रचार करणारी समिती वेगळी, गावकऱ्यांची.

पण खरी शाळा दाखवली ती देखभालवाल्यानं. साठीचा माणूस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आम्हाला तळघरात नेलं. बॉयलर हिरवा, आमच्या गावच्या साखर कारखान्यात शोभेल असा. त्याच्या शेजारी एक छोटा कॉम्प्रेसर सारखा थडथडत होता. मी विचारलं हा कशाला? तर म्हणाला, हा थर्मोस्टॅटसाठी. मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता. जुन्या इमारतीत वर्गांचं तापमान विजेनं नाही, हवेच्या दाबानं चालतं. भिंतींच्या आतून बारीक नळ्या गेल्यात, वर्गातला थर्मोस्टॅट फिरवला की नळीतला दाब बदलतो आणि हीटरची झडप उघडते किंवा मिटते. सत्तर वर्षांत त्या नळ्या भिंतीत कुठं कुठं गळायला लागल्यात, देव जाणे. दाब टिकत नाही म्हणून कॉम्प्रेसर थांबत नाही.

गळकी लाइन म्हटल्यावर माझं लक्षच उडालं इतर गोष्टींवरून. ठिबकवाल्याचा जन्म त्यातच जातो. मी म्हटलं, "सेक्शन सेक्शन बंद करून बघितलं का?" तो म्हणाला, "बंद करायच्या झडपाच नाहीत. त्या काळी कुणाला वाटलं होतं की कुणी बंद करेल?" परिणाम असा की माझ्या पोरीच्या चौथीच्या वर्गात जानेवारीत खिडक्या उघड्या, कारण आत ८४ अंश फॅरनहाइट. आणि भिंतीपलीकडे दुसरीची पोरं जॅकेट घालून.

मग त्यानं खिडकीखालचा लोखंडी खोका उघडला. प्रत्येक वर्गात तसा एक आहे, तो थेट बाहेरची हवा ओढून तापवतो. ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्याकडे वणव्यांचा धूर येतो, कधी कधी दोन-दोन आठवडे सूर्य तांबडा. तेव्हा तो खोका धूरच आत ओढतो. उपाय काय, तर झडपेवर पुठ्ठा. पुठ्ठा मी बघितला. सफरचंदाच्या खोक्याचा होता, कंपनीच्या छापासकट. आणि वर्गात एक साधा पंखा, त्याला भट्टीचा फिल्टर चिकटपट्टीनं डकवलेला.

आता काकांच्या प्रश्नांची उत्तरं. यादी आहे, चार पानी. मुलांचा आकडा गेल्या काही वर्षांत थोडा घटलाय, पण नवे चार वर्ग हे अंगणातल्या पोर्टेबल खोल्यांच्या जागी आहेत, वाढीव नाहीत. खर्च वाढला तर आधी वाहनतळ गळणार, मग वाचनालय. तसं लिहून दिलंय. देखभालीला किती बाजूला टाकलं, यावर उत्तर गुळमुळीत मिळालं.

आणि जुना बॉण्ड आहे! जिमचा. हजारी ६० सेंट. तो याच डिसेंबरात फिटतोय. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर तळाला आहे, बायकोच्या लक्षात आलं.

---

आकडेमोड_काका

मग तुमची खरी वाढ १ डॉलर १० सेंट. वर्षाला ३४१. हे पहिल्या पानावर हवं होतं. प्रचार करणाऱ्यांना आपला फायदाही मांडता येत नाही.

देखभालीचं उत्तर गुळमुळीत, याची नोंद घेतली आहे.

---

कायद्याचं_बोला

एक महत्त्वाचं, बाकी राहू द्या.

वॉशिंग्टनमध्ये मतपत्रिका टपालानं घरी येते आणि टेबलावर पडलेली असते. ग्रीनकार्डवाल्यानं चुकूनही ती भरायची नाही, सही करायची नाही, 'बायको बाहेरगावी आहे म्हणून मी टाकून येतो' म्हणत तिच्या जागी खूण तर अजिबात नाही. नागरिक नसताना मत दिलं तर पुढे नागरिकत्व अडकतं, प्रसंगी देश सोडावा लागतो. लायसन्सच्या खिडकीवर कुणी 'मतदार नोंदणी करायची का' विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा.

पाटी लावणं, मत मांडणं, समितीत बसणं चालतं. ग्रीनकार्डवाल्याला देणगीही देता येते. एच-वन-बी वाल्यांनी देणगीच्या भानगडीत पडू नये.

दुसरं म्हणजे सही. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात. वहिनींनी लायसन्सवर कोणती सही केलीय ते आधी बघा. आपल्या लोकांची बँकेत एक, पासपोर्टात एक असते. जुळली नाही तर काउंटीचं पत्र येतं आणि दुरुस्त करता येतं, पण मुदतीत.

अवांतर: तुम्ही स्वतः अर्ज का नाही केलात अजून?

---

मणेराजुरीकर

बायको हे वाचून हसली आणि मग गंभीर झाली. लायसन्सवर तिची सही मराठीत आहे. नागरिकत्वाच्या कागदांवर इंग्रजीत केलीय.

अर्जाचं: वडिलांची सव्वादोन एकर बाग आहे. सातबाऱ्यावर माझं नाव आहे. नागरिकत्व सोडलं तरी वारसाची जमीन जात नाही, हे मला वकिलानं सांगितलंय, भावानं सांगितलंय, तुम्हीही सांगाल. कळतं. अर्ज २०२४ पासून भरून ठेवलाय, पाठवला नाही एवढंच.

---

निवृत्त_बाई_वाई

मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आमच्याकडे असं मतबित काही नसायचं. खोली गळायला लागली की ग्रामसभेत विषय, मग लोकवर्गणी. कुणी कौलं, कुणी सिमेंटच्या गोण्या, ज्याच्याकडे काही नाही तो दोन दिवस श्रमदान. कर्मवीर अण्णांच्या संस्थेत तर घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढायच्या, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. तुमच्या २ कोटी ७० लाखांत मला काही कळत नाही, पण शाळेला मूठ काढायची की नाही हा प्रश्नच मला विचित्र वाटतो. आणि शेजाऱ्याची भीड कसली? आमच्या गावात वर्गणी न देणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायचे.

---

मणेराजुरीकर

बाई, नमस्कार. मी पण लोकवर्गणीच्याच खोलीत शिकलो. भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी होती, माझ्या आज्याचं नाव शेवटून तिसरं, ५१ रुपये. पण खरं सांगू? फळ्यावर नाव लागायचं त्यात आमच्या वस्तीवरचे दोघं-तिघं दरवर्षी असायचे आणि त्यांच्याकडे खरंच नसायचं. त्यांची पोरं मान खाली घालून बसायची. मूठ ज्याची त्यानं आपल्या हातानं काढायची असते. इथं एकदा ६० टक्के झाले की उरलेल्या ४० टक्क्यांच्या पोत्यातनं आपण काढतो. म्हणून मला शेजाऱ्याकडे जाऊन विचारावंसं वाटलं.

शनिवारी गेलो. छाटणी चालू होती, दोघंच होते, आजोबा आणि एक मजूर. मी कात्री घेऊन ओळीत शिरलो. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मग मीच विषय काढला.

ते चिडले नाहीत. म्हणाले, मी त्याच शाळेत शिकलो, तिथल्या काचेच्या कपाटात माझा कुस्तीच्या संघातला फोटो आहे. आजवर प्रत्येक बॉण्डला हो म्हटलंय, फक्त मागच्या वेळी नाही आणि यंदा नाही. कारण विचारलं तर आधी म्हणाले, "जिमच्या बॉण्डला छप्पर म्हणाले आणि स्कोअरबोर्ड आला." हे अर्धंच खरं आहे. जिमचं छप्पर झालं, स्कोअरबोर्ड पण आला, वर्गांचं छप्पर मात्र लोखंड महागलं म्हणून राहिलं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मी म्हणालो तेच."

मग खरं कारण आलं. सफरचंदाला दोन-तीन वर्षं भाव नाही. रेड डिलिशस उपटून नवी झाडं लावली त्याचं कर्ज आहे. ८० एकर म्हणजे श्रीमंत, असं गाव समजतं. शेतजमिनीची नोंद शेतीच्या हिशेबानं कमी धरतात हे खरं, पण शीतगृह, शेड, मजुरांची दोन घरं पूर्ण भावानं. ज्येष्ठांना सवलत आहे, पण ती राहत्या घराला आणि भोवतीच्या जागेला, तीही उत्पन्न मर्यादेत असेल तर. आणि मग जिमच्या बॉण्डबद्दल बोलले. मी तो ६० सेंटांचा मुद्दा मोठ्या हुशारीनं काढला होता, की अहो जुना फिटतोय, वाढ कमीच आहे. तर कात्री थांबवून म्हणाले, "ते मला माहीत आहे. वीस वर्षं मी त्या डिसेंबरची वाट बघतोय."

काका, तुमच्या वहीत वाढ ३४१ आहे. त्यांच्या वहीत सुटकेचे पैसेही त्यातच जमा होते.

यावर मला काही बोलता आलं नाही. एक ओळ पुरी केली.

---

सुमन_रेंटन

वाचून थांबले जरा.

तुमचे आजोबा आणि तुमची पोरगी यांना समोरासमोर उभं केलंय ते कुणी, हेही बघा. २०१२ च्या मॅक्लिअरी निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिक्षणाला पुरेसा पैसा देणं हे राज्याचं पहिलं कर्तव्य आहे. राज्य टाळाटाळ करतंय म्हणून २०१५ मध्ये रोज १ लाख डॉलर दंड लावला. मग कोलंबिया नदीकाठच्या वाकायकम नावाच्या इवल्याशा डिस्ट्रिक्टनं, पाचशेच्या आसपास मुलं असतील, २०२१ मध्ये दावा लावला: पैसा शिक्षकांचा देता, मग इमारतीचा का नाही? २०२३ मध्ये ते हरले. न्यायालय म्हणालं, बांधकाम ही राज्य आणि स्थानिक लोक दोघांची मिळून जबाबदारी आहे. राज्य मदत देतं, पण बहुतेक वेळा आधी तुमचा वाटा मतदानातून उभा राहायला लागतो. ज्याचा वाटा उभा राहत नाही त्याला मदतही नाही. वर गंमत अशी, की शाळा-बांधणीच्या खात्यात १८८९ साली राज्याला मिळालेल्या शाळांच्या जमिनींवरचं लाकूड विकून पैसा येतो, आणि वाकायकमकडे जंगलच जंगल.

हजार किंवा कमी मुलांच्या डिस्ट्रिक्टसाठी राज्याची एक वेगळी छोटी अनुदान योजना आहे, आधुनिकीकरणाची. त्यात तुमचा तो हवेच्या नळ्यांचा प्रकार बसेल असं वाटतं. बॉण्ड पडला तरी अर्ज करता येतो. विचारा.

एक चांगलंही सांगते. समुद्रकाठी वेस्टपोर्टला ओकोस्टा शाळा आहे. २०१३ मध्ये तिथल्या लोकांनी बॉण्ड पास केला आणि जिमचं छप्पर असं बांधलं, की त्सुनामी आली तर हजारेक माणसं वर चढून उभी राहतील. २०१६ पासून उभी आहे. देशातली तशी पहिली. तिथले लोक तुमच्याहून श्रीमंत नाहीत. पण छप्पर शाळेचं असलं तरी जीव सगळ्यांचा वाचणार होता, म्हाताऱ्यांचासुद्धा. तुमच्या समितीला धूर सुचलाय का? वणव्याच्या दिवसांत स्वच्छ हवेची एक मोठी खोली गावात कुठंय?

---

मणेराजुरीकर

कुठंच नाही. समितीला हे सांगितलं. पण पत्रकं आधीच छापून झाली होती.

पाटीचं: मी आजोबांकडे जाऊन सरळ सांगितलं, की बायको हो म्हणणार आहे आणि पाटी लावायची म्हणते. ते म्हणाले, लाव की. फक्त त्या कोपऱ्यात नको, तिथं माझा फवारणीचा ट्रॅक्टर वळतो, मोडेल.

पाटी आता पत्रपेटीजवळ आहे.

---

बॉयझीचा_बाळू

दोन आठवडे झाले. निकाल??

---

मणेराजुरीकर

पडला.

पहिल्या रात्री ५७.९ होते. टपालानं येणारी पाकिटं नंतर आठवडाभर मोजत राहतात, त्यात रोज थोडं थोडं वर सरकलं. बायको रोज संध्याकाळी काउंटीचं पान उघडून बसायची, मॅच बघितल्यासारखी. शेवटचा आकडा: १,९१२ मतं, हो १,१२२, नको ७९०. ५८.७ टक्के. १,१४८ लागत होती. 'नको'तले २६ जण इकडे आले असते तर झालं असतं.

बायकोचं पाकीट अडकलंच. सही जुळत नाही म्हणून पत्र आलं. ती काउंटीच्या कचेरीत गेली, तिथल्या बाईनं लायसन्सवरची मराठी सही बघून विचारलं, ही कोणती लिपी? मग तिथंच पुन्हा सही केली, देवनागरीत, जपून, शाळेत काढतात तशी. मत मोजलं गेलं.

एक हिशेब मात्र डोक्यातून जात नाही. पोरीच्या वर्गात २३ मुलं. त्यांपैकी १४ घरं आमच्या चांगल्या ओळखीची. आम्ही एका रात्री बोटांवर मोजलं, या १४ घरांत मिळून मतदार किती? पाच घरांत आहेत. बाकी सगळे बागांत राबणारे, मेक्सिकोतून आलेले, कुणाचे कागद चालू, कुणाचे नाहीत. भाड्यातनं घरपट्टी तेही भरतात. ती उरलेली नऊ घरं आणि माझ्यासारखे एकदोघं धरले असते तर... असो. अर्ज काल टपालात टाकला. सातबाऱ्याचा फोटो भावानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, नाव आहे तिथंच आहे.

डिस्ट्रिक्टची बैठक पुढच्या सोमवारी. अनुदानाचं मी विचारलं, सुमनताई. डिस्ट्रिक्टनं नियोजनासाठी अर्ज केलाय म्हणे. देखभालवाल्यानं मला बोलावलंय. मळ्यातला दाबमापक घेऊन ये, म्हणाला, उन्हाळ्याच्या सुट्टीत नळ्यांच्या गळती शोधू.

निवडणुकीनंतर पाट्या काढायचं काम समितीनं माझ्याकडे दिलं होतं. गावभर फिरून ३४ गोळा केल्या. घरी आणून पिकअपमधून उतरवत होतो तर आजोबा कुंपणापाशी आले. निकालाबद्दल एक शब्द नाही. पाट्यांच्या तारा बघत उभे राहिले. म्हणाले, या टाकणार असशील तर मला दे. वाकवल्या की ठिबकची नळी जमिनीला धरून ठेवायला झकास.

मी वीस दिल्या. बाकीच्या गॅरेजमध्ये ठेवल्यात.